बोटीवरच्या म्हाताऱ्याचं इंग्रजी

महाडमध्ये जुन्या मास्तरांपैकी कोणी भेटलं आणि सरांचा विषय निघाला, की बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं. "माणूस हुशार, पण चक्रम. आयुष्यभर चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पुस्तक काही झालं नाही." मग सगळे हसतात. प्रेमानेच हसतात. मी अशा वेळी बशीतला चहा संपवतो आणि काहीतरी काम काढून उठतो.

आता माझी पन्नाशी उलटली. पुस्तक का झालं नाही हे सांगू शकेल असा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. ते सांगायचंच आहे. पण आधी सर कसे होते ते सांगतो, नाहीतर हे सगळं नुसतं माझ्याबद्दल होईल, आणि तेवढी माझी किंमत नाही.

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, आणि शर्टाचा खिसा कायम फुगलेला. खिशात चिठ्ठ्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी त्या केलेल्या असत. गावात लग्न ठरलं की यजमान त्यांना दोन पत्रिका देत, एक आमंत्रणाची आणि एक कापायची. कुणी इंग्रजीत काही बोललं, कुठे काही लिहिलेलं दिसलं, की सर जागच्या जागी थांबून ते उतरवून घेत. खाली लिहीत: कोण बोललं, कुठे, कशावरून. घरी गेल्यावर ती चिठ्ठी चपलांच्या खोक्यात जाई. खोकी बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानातून आणलेली, आणि सगळी माळ्यावर, कारण सावित्री नदीचं पाणी पेठेत कधी शिरेल याचा नेम नसे. एकेका खोक्यावर एकेक शब्द. 'ऑन'चं खोकं, 'फॉर'चं खोकं, 'विथ'चं खोकं. स्टाफरूममध्ये शिरताना ते म्हणत, "काल 'विथ'कडे दोन पाहुणे आले हो."

इंग्रजी शब्द एकटा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक शब्दाची ठरलेली उठबस असते. 'डिपेंड' आला की पाठोपाठ 'ऑन' येणार. 'अवॉइड'च्या दारात 'टू' कधी उभा राहणार नाही. आणि ही उठबस व्याकरणाच्या पुस्तकात बघायची नाही, कारण पुस्तकातला राम आणि पुस्तकातला गोविंद आपसात कधी इंग्रजी बोललेलेच नाहीत. ती बघायची खऱ्या माणसांत. म्हणून त्यांचा नियम एकच: वाक्य शिळं चालेल, मोडकं चालेल, पण घरी केलेलं चालणार नाही. मोडक्या वाक्यांसाठीही एक वेगळं खोकं होतं. "चूकसुद्धा कुणीतरी खरी केलेली असते," असं म्हणून ते ती खोक्यात अलगद ठेवत.

वर्गात ते नियम सांगतच नसत. मुलांना वीसेक चिठ्ठ्या वाटायचे आणि खुर्चीवर बसून शेंगा सोलायचे. "लावा लग्नं. कोण कोणाबरोबर नांदतंय ते मला तुम्ही सांगायचं." सुरुवातीला वर्गाचा बाजार व्हायचा. मग हळूहळू मुलं ओरडायची, "सर, इंटरेस्टेडबरोबर कायम इन आहे!" सर शेंगदाणा तोंडात टाकत म्हणत, "असं? मला नव्हतं माहीत."

एकदा डॉक्टरांनी त्यांना इंग्रजीत बजावलं, यू मस्ट अवॉइड सॉल्ट. सरांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली आणि 'अवॉइड'ला आणखी एक साक्षीदार मिळाला म्हणून हरखून घरी आले. मीठ मात्र सोडलं नाही. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाईच म्हणायचो, म्हणाल्या, "अहो, डॉक्टर तुम्हाला सांगत होते." तर म्हणतात, "हो, पण किती छान सांगत होते."

रविवारी ते महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर जायचे. अंग दुखतं म्हणून नाही, तर तिथे मुंबईची माणसं येतात आणि गरम पाण्यात उतरल्यावर माणूस गप्प बसत नाही म्हणून. चिठ्ठ्या काठावरच्या दगडावर, वर ओल लागू नये म्हणून टोपी, आणि सर गळ्यापर्यंत पाण्यात. एकदा दोन बँकवाल्या गृहस्थांचं बदलीवरून इंग्रजीत भांडण जुंपलं. ते संपेपर्यंत सर पाण्यातून निघेनात. शेवटी लालबुंद होऊन बाहेर आले आणि त्यातल्या जास्त तापलेल्या गृहस्थाला म्हणाले, "मघाचं तिसरं वाक्य परत म्हणता का?" मार बसायचाच बाकी होता.

त्यांचा एक रिवाज मात्र कुणाला हसण्यासारखा वाटला नसता. ज्याचं वाक्य घेतलं त्याला ते चिठ्ठी वाचून दाखवत. "हे तुम्ही बोललात. ठेवू ना?" हमालापासून मामलेदारापर्यंत. माणूस हो म्हणाला तरच चिठ्ठी खोक्यात जायची.

मी पोलादपूरचा. शाळेत नवा लागलो होतो, आठवडाभर महाडला खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी एसटीने घरी जायचो. सरांनी मला पहिल्याच महिन्यात हेरलं. "पोलादपूरकर, तुमच्या स्टँडवर कोकणातनं येणारी गाडी थांबते, महाबळेश्वरला जाणारी थांबते, बंद पडलेली तर थांबतेच. केवढं इंग्रजी वाहून जातंय तिथनं! जरा अडवा." आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात. गोष्ट साधी नव्हती. विद्यार्थ्यांसाठी ते एक पुस्तक करत होते. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्दांची उठबस दाखवणारं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य आपल्याच भागात खरोखर कुणीतरी बोललेलं. पुण्याच्या एका प्रकाशकाने छापायचं कबूल केलं होतं. निवृत्त व्हायच्या आधी ते हातात घ्यायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी मला कधी बोलून दाखवली.

सुरुवातीचे काही रविवार मी खरंच स्टँडवर उभा राहिलो. एकदा एका बाईंची मोटार घाटात गरम होऊन आमच्याकडे आली. बाईंनी फिटरला विचारलं, हाऊ लाँग विल इट टेक? फिटरने बोनेटमधून डोकं न काढता सांगितलं, "टू टी, मॅडम." म्हणजे दोन चहा होईस्तोवर. ही चिठ्ठी मी दिली तेव्हा सर इतके हसले की खुर्चीवरून उठून फेरी मारून आले. पुढच्या सोमवारी माझ्याकडे काहीच नव्हतं. स्टँडवर माणसांच्या तोंडाकडे बघत उभं राहायची मला लाज वाटायला लागली होती. गावातली पोरं म्हणायची, "मास्तर, कोनाची वाट बघताव?" सरांनी विचारलं, "काय आणलंत?" मी म्हटलं, "काही नाही." जत्रेतून बाप मोकळ्या हाताने आल्यावर पोराचा पडावा, तसा त्यांचा चेहरा पडला.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी एसटीत बसल्या बसल्या दोन वाक्यं बनवली. खाली लिहिलं: ट्रक ड्रायव्हर, स्टँडवर, टायरवरून. सर खूश. "विचारलंत ना त्याला?" "विचारलं, सर."

एकदा हात बसल्यावर मग काय. पण दर वेळी नवा ड्रायव्हर, नवा प्रवासी कुठून आणायचा? म्हणून मी एक म्हातारा तयार केला. तरुणपणी बोटीवर गेलेला, गोऱ्या कप्तानाच्या हाताखाली स्टुअर्डचं काम केलेला, आता आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एकटा राहणारा. त्याच्या तोंडी मला काहीही घालता येत होतं. हवी ती वाक्यं बनवता यावीत म्हणून मी सरांचीच खोकी चाळायचो, कुठल्या खोक्यात चिठ्ठ्या कमी आहेत ते बघायचो, आणि म्हातारा नेमका तोच शब्द बोलायचा. एकदा तो म्हणाला, आय गॉट यूज्ड टू द सी, बट द सी नेव्हर गॉट यूज्ड टू मी. मला समुद्राची सवय झाली, समुद्राला माझी झाली नाही. सरांनी ती चिठ्ठी खोक्यात टाकलीच नाही, दिवसभर खिशात ठेवली. दुपारी शिपायालासुद्धा वाचून दाखवली.

मला तेव्हा वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. मला बरं वाटत होतं.

अडचण अशी झाली की सरांना म्हाताऱ्याला भेटायचं होतं. आधी मी म्हटलं, त्यांना दम लागतो, बोलवत नाही. मग म्हटलं, मुंबईला मुलाकडे गेलेत. सर म्हणाले, "आले की कळवा. पुस्तकात त्यांचे आभार मानायचेत, नाव विचारून घ्या." तेव्हा मात्र मी घाबरलो. छापलेल्या पुस्तकात नाव! पुढच्या सोमवारी मी म्हातारा मारून टाकला.

"सर, ते बोटीवरचे आजोबा... गेले."

सर फळा पुसत होते. डस्टर हातात तसंच राहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग नववीच्या वर्गाला उभं केलं आणि म्हणाले, "ज्यांची वाक्यं तुम्ही वाचता, त्यातले एक गृहस्थ वारले." पोरं शांत उभी राहिली. दारात मीही उभा होतो. त्या शांततेत मला पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, कळलं की आपण काय करून बसलोय.

तो आठवडा मी काही बोललो नाही. रविवारी सकाळी घराच्या पडवीत दाढी करत होतो, तर पायवाटेवरून सर वर येताना दिसले. धुतलेला शर्ट, हातात पिशवी, चढण चढून धाप लागलेली. दुःखाच्या घरी माणसांची ये-जा असते, चहा करावा लागतो, म्हणून त्यांनी चहा-साखरेचा पुडा आणला होता. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. सर म्हणाले, "पाणी नंतर. आधी तिकडे जाऊन येऊ."

"तिकडं कुठं?" आईने विचारलं.

"बोटीवरच्या आजोबांकडे. घरात कोणी असेल ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या अर्ध्या गालावर साबण. "कोन आजोबा रे?"

मी वस्तरा खाली ठेवला.

"बोटीवर आपल्या वाडीतला कोन नाय गेला, सायेब," आई म्हणाली. "गेली ती सगळी मुंबयला, गिरनीत नायतर गोदीत. आन मयत तर यंदा कुनाकडंच नाय झालं." आणि वाईट काही बोललो की काय असं वाटून वर म्हणाली, "बसा की. च्या ठेवते."

सर बसले. चहा प्याले, बशीने, पूर्ण. आईची चौकशी केली, माझ्या धाकट्या बहिणीची केली. उठताना पुडा आईच्या हातात दिला. "हा राहू द्या तुमच्याकडे."

आई नको नको म्हणत राहिली. मी साबण पुसून त्यांच्या मागोमाग उतरलो.

अर्ध्या वाटेवर मीच तोंड उघडलं. "सर, म्हातारा मी केलेला."

"ते कळलं." पुढे चालतच होते.

"चुकलं माझं."

"बाकीची?" ते थांबले. "ड्रायव्हर, कंडक्टर, ती नर्स, तो शाळा तपासणारा? ती माणसं आहेत ना?"

"काही आहेत, सर."

"काही," ते म्हणाले. म्हाताऱ्याचं ऐकून त्यांना राग आला नव्हता. ते 'काही' मात्र त्यांना लागलं. ते स्टँडकडे उतरत गेले. गाडीत चढताना एवढंच म्हणाले, "सुट्टीत घरी या. तुमची तुम्ही वेगळी काढा."

मे महिन्यात मी त्यांच्या माजघरात खोकी घेऊन बसलो. म्हाताऱ्याच्या चिठ्ठ्या सहज निघाल्या. ते सोपं होतं. कठीण पुढे होतं. ती नर्स खरंच तसं बोलली होती का? वाक्य तिचं, पण शेवटचे दोन शब्द मी तर जोडले नव्हते? फिटर 'टू टी' म्हणाला हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण 'मॅडम' म्हणाला होता का? हा किस्सा मी इतक्यांदा, इतका रंगवून सांगितला होता, की मला आठवेना. मी तासभर ती चिठ्ठी धरून बसलो. सर झोपाळ्यावरून बघत होते.

"आठवत नाही?"

"नाही, सर."

"मग बाहेर."

अशी एकेक करत पोलादपूरची सगळी वाक्यं बाहेर आली. खोटी माझी होती. पण खरीही गेली, आणि ती माझी नव्हती. ज्या माणसांनी आपलं मोडकं-तोडकं चार शब्दांचं इंग्रजी भरवशाने माझ्या हाती दिलं होतं, त्यांची ती होती. फिटर गेला, घाटात अडकलेल्या बाई गेल्या, सुईला घाबरणाऱ्या पोराला इंग्रजीत दटावणारी नर्स गेली. सरांनी तो ढीग बंबात घातला. बाईंना म्हणाले, "आज पाणी चांगलं तापेल."

खोक्यांची मग रयाच गेली. एका माणसाच्या बोलण्यावर नियम उभा करायचा नाही, हा सरांचा दंडक. पोलादपूर गेल्यावर कितीतरी शब्दांना एकेकच साक्षीदार उरला. पावसाळा संपल्यावर काही रविवार ते स्वतः पोलादपूरच्या स्टँडवर जाऊन बसले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तुम्ही लांब थांबा." तोवर त्यांचे गुडघे गेले होते, आणि निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. प्रकाशकाला त्यांनी कार्ड टाकलं: काम अपुरं आहे, छापू नये. कारण लिहिलं नाही.

कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आणि मीही नाही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. आमच्या बौद्धवाडीतून मास्तर झालेला मी पहिला, आणि मी कुठे घसरतो याची वाट बघणारे स्टाफरूममध्येच होते. हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरंही आहे ते. पण पुढच्या वर्षी मी कायम झालो, तरी बोललो नाही, हेही खरं आहे.

सरांच्या निरोप समारंभाला हेडमास्तर रंगात आले होते. म्हणाले, "सरांनी चपलांची एवढी खोकी भरली, पण एकही चप्पल निघाली नाही!" हॉल हशाने दणाणला. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे मुलं, सगळे हसले. मीही हसलो. मुद्दाम लिहितोय हे. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण मी हसलो, इतरांच्या बरोबरीने, दात दिसतील असा.

सर उत्तराला उठले. हार गळ्यात होता, तो काढायचं विसरले होते. म्हणाले, "हेडमास्तर बरोबर बोलले. पुस्तक झालं नाही. दोष माझा आहे. पोलादपूरला मी पहिल्यापासून स्वतः जायला हवं होतं."

कुणाला काही कळलं नाही. पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "पोलादपूरला काय इंग्रज राहतात?" आणि पुन्हा हशा झाला. सरही त्यात हसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, हे त्यांनी मुद्दाम केलं, इतकं मला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे पुण्याला निघाले. उरलेली खोकी एका ट्रंकेत भरून टपावर चढवली होती. पोचवायला मी आणि शाळेचा शिपाई. बाई आधीच आत बसल्या होत्या. सर खिडकीशी. इंजिन सुरू होतं, सगळी गाडी थरथरत होती. दारात मुंबईहून आलेली दोन तरुण पोरं कंडक्टरशी जागेवरून हुज्जत घालत होती. त्यातला एक हात उडवून इंग्रजीत काहीतरी बोलला आणि मागे निघून गेला.

सरांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा नव्हता. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ऐकलंत? काय म्हणाला तो? मला नीट कळलं नाही."

मलाही कळलं नव्हतं. पण माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. त्या पोराला शोभेल असं, पुढचे-मागचे शब्द जागच्या जागी असलेलं, बिनचूक. सर पेन उघडून वाट बघत होते. ते एक वाक्य दिलं असतं तर माझा निरोप गोड झाला असता, आणि त्यांनाही ते वाटेत पुरलं असतं.

"नाही, सर," मी म्हटलं. "नाही ऐकू आलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. पोलादपूरच्या पायवाटेनंतर इतकं सरळ पहिल्यांदाच. मग त्यांचा चेहरा उजळला, माझ्या कुठल्याही चिठ्ठीने कधी उजळला नव्हता असा. त्यांनी खिडकीतून हात काढून माझं मनगट घट्ट दाबलं. "शाबास," ते म्हणाले, पाचवीतल्या पोराला म्हणावं तसं.

गाडी हलली. तो पोरगा काय म्हणाला होता, ते मला आजही माहीत नाही.